उपासना-संगीताचा अभ्यास करायचाय, पण पोटापाण्याचं काय?

पत्र: ताई, नमस्कार. मी सत्तावीस वर्षांची आहे. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत संगीत शिकवते. बी.ए. मराठी घेऊन झालंय, गांधर्वची विशारद आहे. बारा वर्षांची असल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीत पेटी वाजवते. आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे, त्यांची पदांची वही आमच्याकडे आहे. मला ख्रिस्ती उपासना आणि तिचं संगीत यांचा नीट अभ्यास करायचाय, त्यातच आयुष्य घालवायचंय. पाळकसाहेब म्हणतात, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात जा, बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी कर. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, थेट इकडेच ये. वडील एस.टी.तून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘ह्यात नोकरी कुठं आहे, एक तरी दाखव.’ मला दाखवता येत नाही. आणखी एक भीती आहे, ती अजून कुणाजवळ बोलले नाही. अभ्यास करता करता माझी भक्तीच कोरडी पडली तर?

उत्तर:

तुझ्या वडिलांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं विचारणं रास्त आहे. ‘उपासना-संगीताचे अभ्यासक पाहिजेत’ अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. सेमिनरीत उपासनाशास्त्र शिकवतात, पण बहुतेक ठिकाणी पाळकीय सेवेच्या विषयांतला एक विषय म्हणून, आणि संगीत बऱ्याचदा संध्याकाळच्या क्वायरच्या सरावापुरतं उरतं. विद्यापीठांच्या संगीत विभागांत जागा मोजक्या, त्यातल्याही कितीतरी तासिका तत्त्वावर भरलेल्या. शाळेत नोकरी करतेस, तेव्हा हे चित्र तुला नवीन नाही. पद आधी हेरायचं आणि मग त्याच्या मागे अभ्यास करत जायचं, असा रस्ता या विषयात नाही हे मी तुला स्पष्टच सांगते.

तरीही या विषयात आयुष्य घातलेली माणसं आहेत, आणि त्यांचं कसं जमलं हे वडिलांना सांगण्यासारखं आहे. एरिक राउटली हे इंग्लंडमधले स्तोत्रगीतांचे फार मोठे अभ्यासक. 1917 चा जन्म. 1943 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मधली काही वर्षं ऑक्सफर्डच्या मॅन्सफिल्ड कॉलेजात होते, मग एडिंबरा, मग न्यूकॅसल, तिथं पुन्हा पाळकाचंच काम. आठवड्याचं प्रवचन, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, दफनविधी हे सगळं सांभाळून स्तोत्रगीतांवर एकामागून एक ग्रंथ लिहिले. संगीताच्या कॉलेजात पूर्ण वेळ प्राध्यापकी मिळाली ती 1975 मध्ये, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला, साठीच्या उंबरठ्यावर. 1982 मध्ये ते गेले. त्यांचं पुष्कळसं महत्त्वाचं लेखन त्या प्राध्यापकीच्या आधीचं आहे. चूल दुसऱ्या कामावर पेटत होती आणि अभ्यास तिच्या शेजारी चालू होता. मला हे हलाखीचं वाटत नाही. रविवारी समोर बसलेली माणसं कुठल्या ओळीला मान वर करतात आणि कुठल्या ओळीला पुस्तकात डोकं घालतात, हे ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलं त्याच्या लिहिण्यात जो नेमकेपणा येतो, तो नुसत्या ग्रंथालयात बसून येत नाही. तुझ्याकडे पेटीमागे बसून हेच पाहिल्याची पंधरा वर्षं आहेत.

दुसरं नाव तैवानचे ई-तो लो. यांची गोष्ट तुझ्या जास्त जवळची आहे. जन्म 1936 चा. धर्मशिक्षण ताइनानच्या सेमिनरीत, संगीताचं पुढचं शिक्षण अमेरिकेत, डॉक्टरेट लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून लोकसंगीतशास्त्रात. मग मनिलातल्या आशियाई उपासना आणि संगीताच्या संस्थेत अध्यापन, आणि शेवटी आपल्याच ताइनानच्या सेमिनरीत परतून तिथलं प्राचार्यपद. या सगळ्या काळात ते टेपरेकॉर्डर घेऊन आशियाभर हिंडले, गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, आणि त्यातून ‘साउंड द बांबू’ हा आशियाई स्तोत्रसंग्रह 1990 मध्ये उभा राहिला. पुढे त्यातल्या एकेका गाण्याचा इतिहास सांगणारा जाडजूड ग्रंथही त्यांनी लिहिला. त्यांची पदवी अमेरिकेची होती, पण नाव झालं ते अमेरिकेबाहेर गोळा केलेल्या साहित्यामुळे. मामेभावाचा फोन आला की हे त्याला सांग.

आता आपल्या मातीतलं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) धर्मप्रांतात एक प्रश्न उभा राहिला. मराठी मंडळीनं सतराव्या शतकातल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचं भाषांतरच का म्हणत राहायचं? जे. सी. विन्स्लो हे इंग्रज मिशनरी नगर-पुण्याकडे काम करत होते. पुढे 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन करणारे आणि कवी नारायण वामन टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच. त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर 1920 मध्ये भारतीय उपासनाविधीची मागणी करणारं पुस्तक काढलं आणि प्राचीन सिरियन विधीच्या आधारानं नवा आराखडा मांडला. त्या सहकाऱ्यांतला तरुण एडवर्ड रॅटक्लिफ पुढे केंब्रिजमध्ये धर्मशास्त्राच्या सर्वांत मानाच्या अध्यासनावर बसला आणि विसाव्या शतकातल्या मोठ्या उपासना-अभ्यासकांत गणला गेला. म्हणजे इतक्या मोठ्या अभ्यासकानं उमेदीच्या वयात ज्या प्रश्नावर काम केलं, तो आपल्याकडचा होता. तुझ्या गावच्या मंडळीत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचा प्रश्न आडवळणाचा आहे असं कुणी म्हणालं, तर मला ते पटणार नाही.

या तिघांकडे पाहून मी म्हणते की तू पदवी नंतर निवड, आधी प्रश्न निवड. ‘ख्रिस्ती उपासना आणि संगीत’ हा प्रश्न नाही, तो आख्खा प्रांत आहे. तुझ्या पत्रात मला एक प्रश्न दिसतो, तू तो एका ओळीत सांगून पुढे गेलीस. आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे. अगं, ही केवढी गोष्ट आहे! अमेरिकन मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं. त्यांनी सोबत आणलेली इंग्रजी स्तोत्रं भाषांतर होऊन गायली जात होती, पण ती लोकांच्या जिभेवर बसेनात. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, आणि 1919 मध्ये ते जाईपर्यंतच्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, पदं, भजनं यांनी मराठी उपासनेचा आवाजच पालटून टाकला. ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचं गीतपुस्तक उघडलं की त्यांचं नाव पानोपानी भेटतं. टिळकांच्या काव्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. धर्मविचारावरही लिहिलं गेलंय. पण ती पदं कुठल्या मंडळीत कुठल्या चालीवर, कुठल्या ठेक्यात, कुणी शिकवल्यामुळे गायली गेली, घाटावरची चाल कोकणात जाताना कशी बदलली, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. छापील पुस्तकात शब्द राहिले. चाली माणसांच्या गळ्यात आहेत आणि ती माणसं एकेक करून जातायत. हे लिहिताना मला स्वस्थ बसवत नाही.

म्हणून कुठल्याही प्रवेशअर्जाच्या आधी हे काम सुरू कर. कसं, ते थोडं तपशिलात सांगते, कारण इथं बरेच जण घाई करतात.

एखाद्या आजीकडे गेलीस तर पेटी पिशवीतच राहू दे. तू काळी चार धरलीस की आजी तुझ्या सुरात येणार, तुझ्या लयीत येणार आणि तिची स्वतःची चाल तिथंच हरवणार. आधी तिला एकटीला, हाताच्या टाळीवर, तिच्या पट्टीत गाऊ दे. फोनवर मुद्रण कर, पण फोन विमान-मोडवर टाक, पंखा बंद कर. दुसऱ्या दिवशी तेच गाणं पुन्हा गायला सांग. दोन्ही वेळा जे सारखं आलं ती चाल, जे बदललं ती तिची हरकत, म्हणजे तिनं आयत्या वेळी घेतलेलं वळण. मग विचार: हे कुणाकडून शिकलात? उपासनेत कुठं यायचं, प्रवचनाआधी की प्रभुभोजनाच्या वेळी? दफनाला म्हणत होते का? सुगीच्या सणाला? कीर्तनात असेल तर निरूपणाच्या आधी की नंतर? बायका वेगळं गायच्या का? हे प्रश्न उपासना-अभ्यासाचे आहेत आणि शुद्ध संगीताच्या माणसाला ते सुचत नाहीत. उलट, चाल देस रागाच्या अंगाची आहे की नुसता आभास आहे, भजनी ठेका आहे की धुमाळी, हे सेमिनरीतून आलेल्याला उमगत नाही. ही दोन्ही माणसं एका डोक्यात असणं, हेच या क्षेत्रातलं भांडवल आहे.

शेवटी कागदावर गाणाऱ्याची लेखी परवानगी घे: ध्वनिमुद्रण कुठं ठेवायचं, कुणी ऐकलं तर चालेल. साधं वाटतं, पण पुढे प्रबंधाला, संग्रहालयाला, प्रकाशनाला हाच कागद लागतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं 1982 मध्ये सुरू झालेलं लोकसंगीताचं ध्वनिसंग्रहालय आता गुरुग्रामला आहे. मुद्रणं नीट कशी ठेवतात आणि नोंदी कशा करतात, हे तिथं जाऊन बघण्यासारखं आहे.

आणि आजोबांची वही. आपल्या जुन्या पद-संग्रहांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाची ओळ द्यायची रीत होती. वहीत तशा ओळी असतील तर त्या तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आहेत, कारण आजोबा कुठली नाटकं पाहत होते, कुठल्या वारकरी फडाचं कानावर येत होतं, हे त्या ओळी सांगतील. पानं चिकटपट्टीनं जोडू नकोस. पान न् पान, कोरी पानं आणि मलपृष्ठासकट, उजेडात फोटो काढून ठेव. मागच्या पानावर किराण्याचा हिशेब असला तर तोही. सुरावटीसकट हाती लागलेलं सगळ्यांत जुनं ख्रिस्ती स्तोत्र इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसवर सापडलं, तिसऱ्या शतकातलं, ग्रीक भाषेतलं. 1922 मध्ये प्रसिद्ध झालं. ते लिहिलंय धान्याच्या हिशेबाच्या पाठीमागे. हिशेबाचा कागद म्हणून कुणी तो वेगळा काढला असता तर स्तोत्रही गेलं असतं.

आता पदव्या. पाळकसाहेबांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण मी तो तसाच घेणार नाही. बी.डी. हे मुख्यतः पाळकपदाची तयारी करून घेणारं शिक्षण आहे, नोकरी सोडून पूर्ण वेळ काही वर्षं द्यावी लागतात. तुला पाळक व्हायचं असतं तर मी आनंदानं जा म्हटलं असतं. पत्रात तसं कुठं दिसत नाही. धर्मशास्त्राचा पाया मात्र हवाच, त्यावाचून तू विधीचं वरवरचं वर्णन करत राहशील. त्यासाठी धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचे बहिःस्थ अभ्यासक्रम आहेत, नोकरी सांभाळून करता येतात. (हे बंगालमधलं, केरी-मार्शमन-वॉर्ड यांनी 1818 मध्ये कॉलेज काढलं ते, आपल्या जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. घरात गोंधळ होईल म्हणून लिहिलं.)

मुख्य पदवी संगीताची घे. एम.ए. संगीत, पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठात, आणि त्याबरोबर नेट-सेट. यात दोन फायदे आहेत. एक, वडिलांना दाखवता येईल अशी पात्रता हातात येते. विषय कुठलाही असो, संगीताचा अध्यापक म्हणून तू उभी राहू शकतेस. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठाच्या संगीत विभागात मराठी ख्रिस्ती कीर्तनावर प्रबंध झाला, तर हा ठेवा आपल्या समाजाच्या चार भिंतींबाहेर येतो. वारकरी कीर्तन, नारदीय कीर्तन, राष्ट्रीय कीर्तन यांच्या शेजारी त्याला बसायला जागा मिळते. ती मिळायला हवी. थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, ओवी छंदात, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मान आहे. पण ते गाण्यासाठी, ऐकवण्यासाठी रचलेलं आहे, हे वर्गात शिकताना मागे पडतं. या बाजूनं बोलायला संगीत जाणणारं माणूस लागतं.

प्रोटेस्टंट घरातली आहेस, म्हणून एक आग्रह. वसई आणि गोव्याच्या कॅथलिकांकडे पाठ फिरवू नकोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला, आणि लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकभाषेत आली. एका पिढीच्या आत हजारो धर्मग्रामांना नवी गाणी लागली. ती कुणी रचली, कुठल्या चाली घेतल्या, पेटी-तबल्याला चर्चमध्ये कुणी विरोध केला, हे सगळं वसईतल्या जुन्या माणसांना आठवतं. तुझ्या मंडळीत हेच बदल शंभर वर्षं आधी, वेगळ्या कारणांनी झाले होते. दोन्ही समोरासमोर ठेवलेस की दोन्ही नीट दिसतील.

परदेशाला माझा विरोध नाही. घाईला आहे. येल विद्यापीठात इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक आहे, तिथं संगीत आणि धर्मशास्त्र दोन्हींचे विद्यार्थी एकत्र शिकतात. पण या संस्थेचा इतिहासही लक्षात ठेव. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत 1928 मध्ये धर्मसंगीताचं विद्यालय निघालं होतं. मोठं नावाजलेलं होतं, तरी ते बंद करावं लागलं आणि 1973 मध्ये त्यातले मोजके शिक्षक येलला जाऊन त्यांनी नव्यानं मांडणी केली. तिकडेही या विषयाचं आसन डळमळीतच असतं. मग जायचं कशासाठी? कागदांसाठी. अमेरिकन मराठी मिशनचा पत्रव्यवहार आणि अहवाल हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नगरच्या पहिल्या गायकांबद्दल मिशनऱ्यांनी घरी काय कळवलं, ते तिथं वाचायला मिळतं. तिशीच्या पुढेमागे, हातात शे-दीडशे मुद्रणं आणि एक पक्का प्रश्न घेऊन तू गेलीस तर तिथले प्राध्यापक तुझ्याकडून शिकतील. आज रिकाम्या हातानं गेलीस तर त्यांच्याच प्रश्नांवर काम करत बसशील. तोवर ‘ज्ञानोदय’चे जुने अंक वाच. 1842 पासूनचं ख्रिस्ती नियतकालिक आहे, त्यात सभा-संमेलनांच्या बातम्यांत गाण्याबद्दलच्या ओळी सापडतात.

इंग्रजी वाचन वाढव, त्याला इलाज नाही. कँटरबरी डिक्शनरी ऑफ हिम्नॉलॉजी हा स्तोत्रगीतांवरचा कोश 2013 पासून ऑनलाइन आहे. आठवड्याला दोन नोंदी वाचल्यास तरी या विषयात लिहायची रीत अंगवळणी पडेल. जमलं तर मोडी शीक, जुन्या वह्यांना उपयोगी पडते.

आता जी भीती तू कुणाजवळ बोलली नाहीस, तिच्याबद्दल.

कोरडेपणाचा एक काळ येतो, मी नाही म्हणणार नाही. लहानपणापासून जी चाल स्वर्गातून उतरली असं वाटायचं, ती एखाद्या नाटकातल्या पदाची निघते. ‘आमच्यात पहिल्यापासून असंच’ म्हणून जे सांगितलं जातं, ते पन्नास वर्षांपूर्वी एका पाळकांनी सुरू केलेलं असतं. रविवारी पेटीवर बसलीस की मनातलं मन नोंदी घेऊ लागतं, आणि प्रार्थनेच्या मध्येच लक्षात येतं की आपण प्रार्थना करत नव्हतो, पाहत होतो. यावर माझ्याजवळ एकच व्यवहारी उपाय आहे. महिन्यातला एखादा रविवार दुसऱ्या कुणाला पेटी दे आणि बाकावर, वहीशिवाय, शेवटच्या रांगेत बस. अभ्यासासाठी जायच्या मंडळ्या वेगळ्या ठेव, तुझी स्वतःची मंडळी शक्यतो प्रबंधाचा विषय करू नकोस.

आणि दुसरी बाजूही असते. चौथ्या शतकाच्या अखेरीला एगेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून दूरचा प्रवास करून यरुशलेमला गेली. तिथं रोज कुठल्या वेळी काय गायलं जातं, दिवे कधी लावतात, लोक कुठं रडतात, हे तिनं आपल्या मैत्रिणींना लिहून कळवलं. तिच्या लिखाणाची एक अपुरी प्रत 1884 मध्ये इटलीत अरेझ्झोला सापडली, आणि आज त्या काळच्या यरुशलेमच्या उपासनेबद्दल बोलताना अभ्यासकांना तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. ती बारकाईनं पाहत होती आणि त्याच वेळी मनापासून भक्ती करत होती. तिच्या लिहिण्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. टिळकांची पदं माणसं कुठल्या दुष्काळात, कुठल्या मरणाच्या वेळी गात आली, हे समजल्यावर ती पदं तुला हलकी वाटतील असं मला वाटत नाही. चाल नाटकातली निघाली, तर ती उचलून प्रार्थनेला लावणाऱ्या माणसाची भूक तुला दिसेल.

लग्नाचा विषय पत्रात नाही, पण सत्तावीस म्हणजे घरात निघत असणार. जो कोणी असेल त्याला पहिल्या भेटीत सांग की सुट्टीत तू म्हाताऱ्यांकडे गाणी गोळा करायला जातेस आणि जात राहणार आहेस.

येत्या वर्षाचं एवढंच धर. शाळेची नोकरी सोडायची नाही. एम.ए.चा प्रवेश, आणि पुण्याला जाणं-येणं झेपत नसेल तर बहिःस्थ पर्याय चौकशी करून. जे.आर.एफ. या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला वयाची अट असते, ती आत्ताच पाहून ठेव, उगाच एक वर्ष हातचं जायला नको. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाणाऱ्यांच्या भेटी, सगळ्यांत वयस्कर आधी. एका गाण्यावर, फक्त एकाच, पाच-सहा पानांचं टिपण लिही: शब्द, चाल, ठेका, उपासनेतली जागा, सांगणाऱ्या माणसांची आठवण. ते एखाद्या संगीताच्या प्राध्यापकांना आणि एखाद्या सेमिनरीतल्या शिक्षकांना, दोघांना दाखव. जो जास्त खुणा करून परत देईल त्याला मार्गदर्शक म्हणून विचार. पाळकसाहेबांना बी.डी.साठी नाही म्हणशील तेव्हा सोबत एक काम सांग. मंडळीच्या कपाटातल्या जुन्या सभावृत्तांच्या वह्या पाहायला त्यांची लेखी परवानगी लागेल, आणि ती त्यांची बदली होण्याआधी घेतलेली बरी.